नाव लिहायचं राहिलेलं गाव

तुम्ही हसाल, पण लेकीच्या प्रोजेक्टवरून एकदा शाळेने मलाच बोलावून घेतलं होतं.

वर्ल्डकपच्या आधी इथे कतारमध्ये स्टेडियमची कामं जोरात होती, तेव्हाची गोष्ट. सईला विषय मिळाला होता, एखाद्या उष्ण बेटावरचं किनाऱ्यालगतचं गाव. त्याचा भूगोल, इतिहास, अर्थव्यवस्था. द्यायचं रविवारी, इथे शाळेचा आठवडा रविवारीच सुरू होतो, आणि सईबाईंना आठवलं शुक्रवारी सकाळी.

आमच्या साइटवरचा सर्व्हेअर रमोन फिलिपिन्सचा, गाव अगदी समुद्राला लागून. त्याला जेवायलाच बोलावलं. बायकोने बांगड्याचं तिखलं वाढलं, सईने वही उघडली.

"जिऑग्रफी, अंकल?"

"पुढे समुद्र, मागे डोंगर, मधे नारळ."

"हिस्टरी?"

"परदेशी जहाजं आली. चर्च बांधलं आणि बाकी सगळं घेऊन गेली."

"इकॉनॉमी?"

रमोनने काटा काढता काढता माझ्याकडे पाहिलं. "आधी मासे होते. आता पोरं मोठी झाली की कतारला येतात, त्यावर गाव चालतं."

"अरे, हे तर आमच्या मालवणसारखंच झालं," मी म्हटलं.

सईने जसंच्या तसं उतरवलं. गावाचं नाव तेवढं रंगीत अक्षरांत काढायचं म्हणून वर जागा सोडली, आणि ते राहूनच गेलं.

आठवड्याने शाळेत गेलो. टीचर केरळच्या. वही माझ्यापुढे सरकवून शांतपणे म्हणाल्या, "सर, लिहिलंय छान. पण विषय बेटाचा होता. हिने माझ्या गावावर का लिहिलंय?"