दोन पोती तांदूळ

आमच्या शोभाकाकू माझ्याशी आठ दिवस का बोलत नव्हत्या, ते सांगतो. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं दौंड स्टेशनाबाहेर खिचडी वाटतो, ती काकूच रांधतात. त्या रविवारी एक बागायतदार आईच्या वर्षश्राद्धाची म्हणून तांदळाची दोन पोती घेऊन आले. पोती उतरेपर्यंत त्यांनी स्वतः चार ताटं वाढली, मग एक ताट घेऊन खायलाही लागले.

"चव लई भारी हाय. रांधतं कोण?"

मी पातेल्याजवळ उभ्या असलेल्या काकूंकडं हात केला.

"कुठल्या त्या?"

"भीमनगरच्या."

त्यांचा हात ताटातच थांबला. मला जवळ ओढून हळूच म्हणाले, "हे आईच्या नावाचं हाय. आमचा आचारी पाठवतो. बाईंना तेवढी सुट्टी द्या."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आधी पोटात गेलेली खिचडी बाहेर काढा, मग आचारी पाठवा." दोन्ही पोती उचलून त्यांच्या गाडीत टाकली आन् त्यांना वाटेला लावलं. वाटलं, काकू शाबासकी देतील.

काकू हातात झारा घेऊनच आल्या. "पोती का दिलीस परत?"

"काकू, तो तुमच्याबद्दल काय बोलला माहितीय का?"

"ऐकलं मी. जन्मभर ऐकतेय. पण मला इचारलंस का? ही रांग महिनाभर जेवली असती. तांदूळ ठेवून घ्यायचा, त्याला हाकलायचा आन् खिचडी मीच रांधायची."