दुपारच्या वर्गातली ढ

माझं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूला, भावंडांत मी थोरली, त्यामुळे शाळा बघितली ती धाकट्यांना सोडायला जायची तेव्हा दारातूनच. लग्न होऊन लालबागला आले, हे मिलमध्ये होते. चाळीतली खोली, काय सांगू तुम्हाला, हात लांब केला की भिंतीला लागायचा, पण दार काय ते झोपतानाच लावायचं. मला वाचता येत नाय याचं चाळीत कोणाला काय वाटलं नाय, मलापण नाय. शेजारी नलूताई होती, सातवी शिकलेली. गावावरनं पत्र आलं की मी चहा ठेवायची, ती चष्मा घेऊन यायची, बाकीच्या बायका निवडायचे तांदूळ घेऊन यायच्या, आणि गॅलरीत बसून वाचन, पत्र माझ्या भावाचं पण हसायची आणि रडायची सगळी गॅलरी. गॅसचा कागद असो, लग्नाची पत्रिका असो, पहिला चहा आणि मग वाचन, अशी आमच्याकडे पद्धतच पडून गेली होती. एकदा मी ह्यांना म्हटलं, मीपण शिकू का, तर हे म्हणाले, तुका शिकान काय करूचा हा, नलू आसा मा. आणि होतीच ना ती.

मग मिल गेली, ते काय नवीन सांगायचं नाय. नंतर चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, तो बघायला हे राहिले नायत. नलूताई खोली विकून मुलाकडे बदलापूरला गेली. माझी एकच मुलगी, ती पनवेलला, रविवारी फोन करते, गुणाची आहे. पण वर टॉवरातल्या खोलीत मी एकटी. नळ घरात, संडास घरात, लिफ्ट दारात, सगळं सुख आहे आणि बोलायला माणूस नाय.

एकदा दिवसभर पाणी बंद. भांडी तशीच पडलेली. शेवटी समोरचं दार वाजवलं, तिथल्या सुनेने साखळी न काढताच सांगितलं, काकी, लिफ्टमध्ये नोटीस लावलीय ना. मी म्हटलं, येतेस का बाय, वाचून दाखव, मी चहा ठेवते. आता पाण्याचा थेंब नाय घरात आणि मी चहा ठेवते म्हणतेय, सवय हो, दुसरं काय. ती म्हणाली, माझी मीटिंग चालू आहे, आणि दार लावलं. तेव्हा पहिल्यांदा मला अडाणी असल्याची लाज वाटली.

म्हणून वाचनालयात गेले. चिंचपोकळीला स्टेशनाकडे जाताना जुनी इमारत आहे, पुढे पेपर वाचायचा हॉल आणि मागच्या खोलीत दुपारी मोठ्या माणसांचा वर्ग, फी काय नाय. मेघाबाई शिकवायची, माझ्या मुलीहून लहान, पण मी बाईच म्हणायची. माझ्या बाकावर फिलोमिना, माझगावची, नवरा गोदीत होता तो गेला, तीपण एकटीच. पुढच्या बाकावर गुरवमामा, ह्यांच्यासारखेच मिलमधले. मेघाबाई पुस्तकातलं कमी आणि बाहेरचं जास्त शिकवायची, हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांच्या पाट्या, बसवरच्या पाट्या, आणि त्या दिवशीची काय बातमी असेल ती फळ्यावर लिहायची. ती आम्ही पाटीवर उतरवून बोट ठेवून वाचायचो. मी अडले की फिलोमिना माझं बोट धरून अक्षराखाली ठेवायची, असं नाय गो, हे बघ. हे गेल्यापासून माझा हात कोणी धरला नव्हता.

गुरवमामांना पहिलं वाचायला आलं. मेघाबाईने टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, कार्ड करून दिलं आणि त्यांना पुढच्या हॉलमध्ये पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी हॉलमधून जाताना विचारलं, मामा, कसं काय, तर त्यांनी पेपरमागून तोंडावर बोट ठेवलं आणि भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर लिहिलेलं, शांतता राखा. ते मी एका दमात वाचलं. आणि तिथेच ठरवलं, आपल्याला पास व्हायचं नाय.

मग मी ढ झाले. येत असलेल्या अक्षरावर अडायची, जोडाक्षर आलं की मान हलवायची. मेघाबाई बिचारी परत पहिल्यापासून, फिलोमिना परत माझं बोट धरणार. चार वाजता चहा यायचा. माझी दुपार भरलेली असायची हो.

एक दिवस मेघाबाई आली ती गप्प. रोज काहीतरी बडबडत यायची. खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, माणसे कमी असल्यामुळे हा वर्ग महिनाअखेर बंद होत आहे. लिहून आमच्याकडे वळली, म्हणाली, वाचा, मला तोंडाने सांगवत नाय. फिलोमिना लागली वाचायला, मा, ण, माण. आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. मेघाबाई माझ्याकडे बघतच राहिली. बाकाजवळ आली, खाली वाकून हळूच म्हणाली, आजी, कधीपासून येतंय? मी म्हटलं, दिवाळीच्या आधीपासून. मग सांगितलं का नाय? म्हटलं, सांगितलं असतं तर तुम्ही मला हॉलमध्ये पाठवलं असतं. ती माझ्या बाजूला टेकली. फिलोमिना अजून कमीच्या क वर होती. मी बाईला म्हटलं, तिला सांगू नका, वाचू दे सावकाश.

आता मला सगळं वाचता येतं. लिफ्टमधली नोटीस येते, मजल्यावरच्या सगळ्या दारांवरची नावं येतात. संध्याकाळी जाता येता मी ती हळू वाचते, दार काय कोणी उघडत नाय. फिलोमिनाला गुडघ्यांनी चालवत नाय, तिचा भाचा तिला वसईला घेऊन गेला. मी हॉलमध्ये बसते, मामांच्या समोर, शांतता राखून. मेघाबाई कुठे असेल तिथे सुखी राहो, तिने चांगलंच केलं माझं, मी नाय म्हणत नाय.

तुम्ही हे एवढं लिहून घेताय, ते पुरं झालं की घेऊन या. दारात देऊन जाऊ नका. मला वाचता येतं हे तेवढ्यापुरतं विसरा, आत येऊन बसा आणि तुम्हीच वाचून दाखवा. चहा मी ठेवते.