कुंकवाच्या दोन ठिपक्यांचं पोस्टकार्ड

चहा निवेपर्यंत माझ्या वहिनीचं सांगते, ती फार आठवते हल्ली. मी पुण्याला शिकत होते आणि इकडे गावी, रनाळ्यात, काका, म्हणजे घरातले नाना, माझं लग्न उरकायला टपलेले. मुलीचं कॉलेज म्हणजे यांना लग्नाआधीचा विरंगुळा!

वहिनी म्हणजे नानांची सून. तिला अक्षरओळख नव्हती, पण नानांनी लिहिलेल्या पत्राला कुंकू तीच लावायची. म्हणून आमचं ठरलं होतं: कुंकू उजव्या कोपऱ्यात असलं तर ये, डाव्या कोपऱ्यात असलं तर बघायला पाहुणे येताहेत, येऊ नकोस.

एकदा पोस्टकार्ड आलं, 'घरी पूजा आहे, लगेच निघ.' आणि कुंकू दोन्ही कोपऱ्यांत! गेले आणि तिथे बघायला पाहुणे बसलेले असले, तर कॉलेज संपलं. कार्ड उजेडात धरलं. उजव्या ठिपक्यात शाई मिसळली होती. घरात शाईची बोटं फक्त नानांची. म्हणजे वहिनीचा ठिपका डावा. मी गेलेच नाही.

दिवाळीत घरी गेले, तरी नाना धुमसतच होते. "हाई सूननी कुंकू डावीकडे लावं व्हतं, डावं अशुभ म्हणीसन मी सोता उजवीकडे लावं. तरी पोर घर उनी नही!"

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "नाना, पुढली खेपले तुम्ही हात लावू नका. मी बरोबर लावसू."