मांजर, वीज आणि नऊ हजार झाडं

दुरुस्तीवाली : थांबा, आजोबा. मघाशी मांजर म्हणालात. आता मध्येच वीज कुठून आली?

सासरे : अहो बाई, विजेला घाबरूनच तर मांजर उडालं! अशी कडाडली की समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी हातभर सरकली. भरलेली टाकी, बरं का.

सून : बाबा, आपल्याकडे मांजर नाही.

सासरे : आपलं नाही गं. येणारं-जाणारं.

दुरुस्तीवाली : हा फॉर्म बघा. सात प्रश्न आहेत आणि पहिल्यावरच अर्धा तास गेलाय. हार्ड डिस्क पडली का? हो की नाही?

सासरे : आता ‘पडली’ म्हणजे नेमकं कशाला म्हणायचं...

दुरुस्तीवाली : वरून खाली आली का?

सून : पडली. लिहा. माझ्याच चुकीने पडली. टेबलाच्या काठावर ठेवली आणि दूध उतू जातंय म्हणून धावले. तासाभराने आले तर जमिनीवर.

दुरुस्तीवाली : देवा, एक उत्तर तरी मिळालं. आत काय आहे?

सून : नऊ हजार झाडं. गावातलं प्रत्येक झाड. फोटो, बुंध्याचा घेर, जागा, शेरा. चार वर्षं उन्हातान्हात टेप घेऊन फिरलेय मी. सोमवारी रस्ता रुंद करण्यावर सुनावणी आहे. नोंद दाखवली नाही, तर इथे झाडं नव्हतीच म्हणतील.

दुरुस्तीवाली : दुसरीकडे कॉपी?

सून : काढणार होते. त्याच रविवारी.

दुरुस्तीवाली : माझ्याकडे येणारे सगळे त्याच रविवारी काढणार असतात. बरं, पडल्यावर काय केलंत?

सून : काहीच नाही. हात लावायची हिंमत झाली नाही. बाबा म्हणाले, मी बघतो, माझ्या ओळखीत जाणकार आहेत.

दुरुस्तीवाली : अच्छा. आणि जाणकारांनी काय सांगितलं, आजोबा?

सासरे : काही विशेष नाही. जपून ठेवा म्हणाले. कापसात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी...

दुरुस्तीवाली : मग हा तांदळाचा दाणा कुठून आला?

सासरे : उंदीर! बाई, आमच्याकडचे उंदीर तुम्ही पाहिले नाहीत. एकदा एकाने अख्खा पाट ओढत...

दुरुस्तीवाली : आजोबा!

सासरे : ...तांदळाच्या डब्यात ठेवली होती. ओल शोषून घेतो म्हणे तांदूळ.

सून : ओल? ओल कशाची, बाबा?

सासरे : फ्रीझरची.

सून : काय?

सासरे : एकच दिवस गं! कट्ट्यावरच्या कंपाउंडरने सांगितलं, आतलं लोखंड फुगतं, गारठ्याने परत आकसतं. मी नुसत्या त्याच्यावर विसंबलो नाही हां. व्हिडिओसुद्धा पाहिला. त्यातल्या माणसाने टाय घातला होता.

दुरुस्तीवाली : टाय! हे बघा, आत आरशासारखी तबकडी असते. तिच्यावरून केसाहूनही कमी अंतर ठेवून नोंदी वाचणारं हेड फिरतं. गारठवलेल्या डिस्कवर दव धरतं. त्या दवात ती चालू केली, तर नऊ हजार झाडं हेडने खरवडून निघतात. म्हणून विचारतेय. फ्रीझरनंतर चालू केलीत का?

सासरे : चालू? मी? बाई, मला टीव्ही लावता येत नाही...

सून : बाबा, परवा तुम्ही माझ्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होतात.

दुरुस्तीवाली : आजोबा, डिस्क बोलत नाही. ती फक्त टकटक करते. तिच्या वतीने बोलणारे या खोलीत तुम्ही एकटेच आहात, आणि तुम्ही टाक्या सरकवताय. मला कंपाउंडर नको, टायवाला नको. जे घडलं ते हवंय.

सासरे : नाही केली. खरंच नाही. फ्रीझरच्या आधी दोनदा लावून पाहिली, तर टक... टक... असं करायला लागली. मला ते ऐकवेना. वायर उपटली, ती पुन्हा लावली नाही.

दुरुस्तीवाली : हे बरं केलंत. आणि तबकडी असते ती आतली डबी? तिच्या झाकणावर ओरखडे आहेत.

सासरे : तिचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे निघाले. नेलकटरने पाहिलं फिरवून. नेलकटर मोडलं.

दुरुस्तीवाली : मोडलं ते चांगलं झालं. डबी उघडली असतीत, तर तुम्हाला इथूनच परत पाठवलं असतं. आता एक गोष्ट मला जुळत नाही. ताई, पडली तेव्हा वायर जोडलेली होती?

सून : नाही. वायर खणात होती. मीच गुंडाळून ठेवली होती.

दुरुस्तीवाली : मग ही खाच बघा. वायर बसते ती. खालच्या बाजूला वाकलीय. वायर आत असताना पडली तरच अशी वाकते. शिवाय बंद डिस्क टेबलावरून पडली तर पुष्कळदा वाचते. ही फिरत असताना पडलीय.

सून : पण घरात तर... मी स्वयंपाकघरात होते. घरात दुसरं कुणी...

(सासरे चष्मा काढून पुसत बसतात.)

सून : बाबा?

सासरे : तू म्हणालीस ना, सुनावणीत नोंदी मोठ्याने वाचणार. सगळ्यांसमोर.

सून : मग?

सासरे : कोपऱ्यावरची चिंच. तुला मी सांगितलं होतं ना, शाळेत असताना बुटात लपवून रोप आणलं आणि मीच ते लावलं म्हणून. तू लगेच टिपून घेतलंस. कट्ट्यावरचे सगळे येणार ऐकायला. त्यातले दोघे माझ्याहून मोठे आहेत. त्यांना ठाऊक आहे, ते लहान होते तेव्हाही चिंच एवढीच होती. म्हटलं, तेवढी एक ओळ पुसून टाकू. ओळ काही सापडेना. तुझी पावलं ऐकली, घाईने उठलो, वायर पायात अडकली. तू दारातूनच परत स्वयंपाकघरात वळलीस, तेवढ्यात मी वायर काढून गुंडाळून खणात ठेवली.

सून : आठ दिवस, बाबा. आठ दिवस तुमचा मुलगा मला निष्काळजी म्हणतोय. तुम्ही शेजारी बसून जेवत होतात. वर मला म्हणालात, चुका होतात गं माणसाकडून.

सासरे : म्हणालो.

सून : आणि मी तुमच्या पाया पडले होते! समजून घेतलंत म्हणून!

दुरुस्तीवाली : ताई, पाणी घ्या. ऐका. हेड बदलावं लागेल. तसंच दुसरं हेड मिळालं आणि तबकडी कोरडी असली, तर शनिवारपर्यंत निम्म्याहून जास्त निघेल. शब्द देत नाही.

सून : निम्म्यात कोणती झाडं, तेही सांगता येणार नाही ना?

दुरुस्तीवाली : नाही.

सासरे : सूनबाई, आज संध्याकाळी पोराला मी सांगतो. सगळं. मांजराशिवाय.

सून : ती ओळ मी लिहिलीच नव्हती, बाबा.

सासरे : काय?

सून : चौदा फूट घेर आहे त्या चिंचेचा. शंभर वर्षांचं झाड आहे ते. तुम्ही त्र्याहत्तरचे. मी काय डोळे मिटून मोजत होते?

सासरे : अगं, पण तेव्हा काहीतरी टिपत तर होतीस. शेऱ्यात काय लिहिलंस मग?

सून : डिस्क चालू झाली तर वाचा. तुमच्याबद्दलच आहे.

दुरुस्तीवाली : चला, सही करा इथे. मी लिहिते : पडली, फिरत असताना. दोनदा चालू केली. फ्रीझर, एक दिवस. तांदूळ...

सासरे : बाई, जरा थांबा. एक दिवस नाही. दोन दिवस होती फ्रीझरमध्ये. तसं लिहा.