मोंबासाचे पार्सल आणि ओट्यावरचे कस्टम

महाड पोलीस ठाणे, जिल्हा कुलाबा. गुरुवार, दि. ९ मार्च १९६१.

नाव रखमा येसाजी उतेकर, वय १९ वर्षे, धंदा घरकाम व शिवणकाम, शिक्षण मराठी सातवी (आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच), राहणार मौजे नाते, तालुका महाड.

मी समक्ष हजर राहून सांगते की, काल तोंडी तक्रार देताना माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करून घ्यावी. ‘पोस्टातल्या माणसाने पैसे घेतले’ असे मी म्हणाले. ते खरे नाही. पैसे घेणारा सहदेव नारायण वाडकर हा पोस्टाचा नोकर नाही. तो पोस्टासमोरच्या ओट्यावर बसून लोकांची पत्रे व मनिऑर्डरी लिहून देतो. अंगात खाकी कोट घालतो, म्हणून गावाकडची माणसे त्याला पोस्टाचाच समजतात. मी घाईत तसेच बोलून गेले. त्यामुळे काल शिपायांनी खिडकीवरच्या कारकुनांची लोकांदेखत चौकशी केली. त्यांचा यात काहीही दोष नाही. खरी माहिती मला त्यांनीच दिली.

माझा थोरला भाऊ दत्ताराम आफ्रिकेत मोंबासा बंदरात फिटर आहे. वहिनी तिकडेच असते. जानेवारीत त्यांना मुलगी झाली. माझी आई प्रयागबाई हिने नातीसाठी कुंची शिवली. कुंचीचा खण गावदेवीच्या ओटीतला, प्रसाद म्हणून आईला परत मिळालेला. टाके आईचे आहेत, काठ मी लावला. सोबत दोन झबली आणि वहिनीसाठी डिंकाचे लाडू होते.

सोमवार दि. १३ फेब्रुवारीला आई व मी पार्सल घेऊन महाडास आलो. सहदेवने आम्हाला पोस्टाच्या पायरीवरच अडवले. परदेशी पार्सलाला कस्टमचा कागद लागतो, तो मीच भरतो, असे म्हणाला. मी कागद वाचायला मागितला.

“इंग्रजी हाय तो. तुझी सातवी इथं कामाची नाय गो,” असे म्हणून त्याने दिला नाही.

त्याने प्रत्येक वस्तूची किंमत विचारली. झबल्यांची व लाडवांची मी सांगितली. कुंचीची सांगू लागले तेव्हा आईने माझा हात धरला.

“देवीच्या ओटीतला खण हाय तो. त्याची किंमत बोलायची नाय,” आई म्हणाली.

आमच्याकडे ओटीत आलेल्या खणाचे मोल तोंडाने काढत नाहीत. सहदेव याच भागातला आहे. त्याला हे चांगले ठाऊक आहे.

“नका बोलू, मावशी,” तो म्हणाला. “मग सरकार आपल्या मनानं किंमत धरंल. कस्टम वाढलं तर माझा काय इलाज नाय.”

खण सुती आहे असे मी दोनदा सांगितले. तरी त्याने ‘रेशमी, चाळीस रुपये’ असे लिहिल्याचे सांगून टपालखर्चाशिवाय कस्टमचे म्हणून नऊ रुपये घेतले. पार्सल ठेवून जा, लाख लावून मी आत देतो, म्हणाला. पावती मागितली तर ती मुंबईहून येते म्हणाला.

शिमगा झाल्यावर, परवा मंगळवारी, त्याचा निरोप आला की पार्सल मुंबईच्या कस्टमने धरले आहे. आणखी बारा रुपये न आणल्यास ते जप्त होईल, आणि खोटी किंमत सांगितल्याबद्दल दत्तारामला तिकडे पकडतील. आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

काल मी शेजारच्या राहीबाई कदम यांच्यासोबत आले. त्यांचे यजमान एडनला असतात. या वेळी सहदेवकडे न जाता मी आधी खिडकीवर गेले. कारकुनांनी सांगितले की, पाठवणाऱ्याने इथे वजनाप्रमाणे टपालखर्च तेवढा भरायचा. कागदावर वस्तू आणि खरी किंमत लिहायची, त्या कागदाला पैसे पडत नाहीत. जकात बसलीच तर ती त्या देशात, पार्सल घेणाऱ्याकडून घेतात. पावती इथेच हातात मिळते. माझ्या नावाचे पार्सल नोंदलेलेच नव्हते.

“म्हंजी गेल्या साली माझ्याकडनं कस्टम घेतलं ते कुठल्या सरकारात गेलं?” राहीबाईंनी विचारले.

आम्ही ओट्यावर गेलो. आमचे पार्सल सहदेवच्या बाकड्याखाली होते. मांजरपाटाची शिवण एका बाजूने उसवलेली होती.

“लाडवांस मुंग्या लागल्या, टाकले,” तो म्हणाला.

“शिवणपण मुंग्यांनीच उसवली काय रे?” राहीबाई म्हणाल्या. “खाकी कोट घातला म्हंजी तू सरकार झालास?”

जमलेले लोक हसले. मी पार्सल मागितले. तो मला म्हणाला, “बारा रुपये ठेव नि ने. एवढी शिकलेली हायस तर माझ्याकडं कशाला आलीस गो?”

“आले नव्हते. तुम्ही पायरीवर अडवलेत,” मी म्हणाले.

त्यावर त्याने भर रस्त्यात मला चोरटा माल पाठवणारी म्हटले. मी तिथून सरळ ठाण्यात आले. देवीच्या ओटीचा मान राखून बायका गप्प बसतात, आणि हा माणूस त्या गप्प बसण्याचे पैसे घेतो. आमच्या गावच्या आणखी दोघींना त्याने असेच फसवले आहे. त्या जबाब द्यायला तयार आहेत.

काल शिपायांनी सहदेवच्या ओट्यावरून जप्त केलेले पार्सल आज ठाण्यात मला दाखवले. ते मी ओळखले. कुंची व झबली आत आहेत. निकाल लागेपर्यंत हा मुद्देमाल इथेच राहील, असे जमादारसाहेब म्हणतात. नियम तसा असेल. पण माझे म्हणणे लिहून घ्यावे की, निकाल लागेपर्यंत बाळाचे डोके कुंचीत मावेनासे होईल. उसवलेले कापड पुराव्याला ठेवावे. कुंचीचे वर्णन पंचांसमक्ष लिहावे आणि कुंची परत द्यावी. गुन्हा सहदेवने केला आहे. शिक्षा दोन महिन्यांच्या मुलीने का भोगावी?

वरील मजकूर मला वाचून दाखवला व नंतर मी स्वतःही वाचला. मी सांगितले तेच उतरले आहे. कुंची सोडण्याचा हुकूम ठाणे नव्हे, कोर्ट देते, असे आता मला सांगण्यात आले. म्हणून सही करण्याआधी एवढे वाढवून घेते की, तसा अर्ज मी माझ्या हाताने लिहून महाडच्या कोर्टात स्वतः देणार आहे, सोमवार, दिनांक १३ मार्च १९६१ रोजी.