पक्क्या विटेचा नेम

मी मूळचा वारूळवाडीचा, बाप गवंडी, आजा गवंडी, माझ्याबी हातात थापी आली ती अजून सुटली नाय. तिरंदाजीचं म्हणाल तर येडगावच्या अंगाला माळावर सुभेदारांनी मैदान काढलं, फौजेतनं आलेला माणूस, लई कडक, तिथं संडास बांधायला गेलो आन चहाच्या सुट्टीत धनुष्य वढून बघितलं, ते अजून वढतोय. वय बावन्न. बायको म्हणते, लोक या वयात लेण्याद्रीच्या पायऱ्या मोजत्यात, तुमी बाण मोजताय.

तिथंच माझा चुलतभाऊ येतो, विलास, चार वर्सांनी धाकटा. त्याचं घर मीच बांधलं, आन घरभरणीला, भर पंगतीत, त्यानं भिंतीला दोरीचा वळंबा लावून दावला, म्हणला दादांची भिंत बोटभर कललीय. कलली व्हती, खोटं कशाला बोलू. पण पंगतीत? तवापासनं दोन वर्सं बोलणं बंद. मैदानात शेजारी उभं राहायचो, एकाचा बाण चुकला की दुसरा मुद्दाम खोकायचा.

यंदा चाळिशीच्या वरच्यांच्या तालुका संघात एकच जागा रिकामी, आन दावेदार आमी दोघंच. मला ती पायजे व्हती का? व्हती. पण त्याला मिळू नये हे जास्त पायजे व्हतं.

पण काय सांगू तुमाला, माझी नजर. धनुष्याला साईट असती, म्हंजे बारकी कडी, तिच्यात लक्ष्याचा पिवळा मधला भाग धरायचा. मी कडी बघावी तर पिवळं पुसट, पिवळं बघावं तर कडी गायब. मग डोकं चालवलं. साईट काढूनच ठेवली आन बाणाच्या टोकानं नेम धरला. टोक पिवळ्यावर धरलं की बाण वरनं जायाचा, म्हणून टोक खाली, अजून खाली, असं करत करत लक्ष्याच्या अलीकडं जमिनीवर चुना लावलेली वीट ठेवली. टोक विटेवर, बाण पिवळ्यात. सुभेदार म्हणले, बाहेर स्पर्धेत अशी खूण ठेवू देत नाहीत, समजलं का? म्हणलं, ते पुढचं पुढं, आधी जागा तर मिळू द्या. म्हणले, ठेव निवडीला, पण हरलास तर तोंड उघडायचं नाही.

पंधरा दिवस बाण असे बसले राव, विलासचं खोकणं बंद झालं. मग मनात आलं, यानं वीट वीतभर सरकवली तर? निवडीच्या आदल्या सांजेला वाळू-सिमेंट नेलं आन त्याच्या देखत खड्डा खणून वीट पक्की केली. कालवताना पाणी कमी पडलं, तर विलासनंच बादली भरून आणून ठेवली. मला वाटलं, घाबरलं बेणं.

सकाळी बघतो तर लक्ष्यं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. सुभेदार म्हणले, सराव संध्याकाळचा, निवड सकाळची, जुन्या टोकाला सकाळचं ऊन तोंडावर येतं. आठ दिवसांपूर्वी सगळ्यांना सांगितलंय. तवा मी तिथंच व्हतो, विटेला चुना लावत.

वीट उपटून तिकडं न्यायला पहार आणली. घाव घालतोय, घाम निघाला, वीट हलंना. उभ्या जन्मात माझं एवढं मजबूत काम नाय झालं. तवा विलास दोन वर्सांनी बोलला, दादा, हिला वळंबा लावायची गरज नाय, लई बेस बसलीय. म्हणलं, तुला ठावं व्हतं तर पाणी का आणलंस? म्हणला, तुमाला पायजे व्हतं, आणलं. धाकटा हाय ना मी.

दुसरी वीट टाकली, पण तिकडं माळ उताराचा, जुनी मापं लागूच व्हईनात. पहिला बाण मातीत. दुसरा पलीकडं कुणाच्या तरी घासाच्या वावरात. तिसरा बसला पिवळ्यात, अगदी मधोमध, पण विलासच्या लक्ष्यावर, कारण माझी नजर सगळा वेळ त्याच्यावरच.

जागा त्याला गेली. मी साईट परत बसवली, नारायणगावात जाऊन चष्मा केला, रोज एकटाच एका टोकाला उभा राहतो. त्या दिवशीचं सोडलं तर बोलत आमी अजून नाय. पुढच्या महिन्यात तो संघासंगं खेळायला जाणार. लेण्याद्रीचा गिरिजात्मज त्याला यश देवो, घरचाच हाय शेवटी. पण दुसऱ्या नंबराचं द्यावं. पहिला आला तर गावात सत्कार व्हईल, आन घरातला थोरला म्हणून हार मलाच घालावा लागंल.