सालासकटचे वाल

बसा सगळे. कारखान्यात खुर्च्या कमी आहेत, पाटावर बसा. गणपतीच्या कच्च्या मूर्तींना मात्र टेकू नका. त्या करणारा आता नाही.

मी वसंताची मोठी बहीण, रोह्याची. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेय. एरवी मला बोलायला सांगावं लागत नाही. आज तर बोलणारच आहे, कारण त्याची बायको सुलभा उद्या माहेरी खांबला निघालीय. कायमची. नवरा गेला म्हणून नाही हो. तुमच्या जिभेला कंटाळून.

काय म्हणत होतात तुम्ही? ऑपरेशनसाठी भूल देताना वसंताच्या पोटातलं वर आलं, फुप्फुसात गेलं, घशातून वालाचे दाणे निघाले. एवढं कळलं नि लगेच निकाल लावलात. ‘बाईला ऱ्हावलं नाय. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी चोरून बिरडं भरवलंन.’ स्मशानातून परतताना म्हणालात. ती ऐकत होती.

मी डॉक्टरांना एकच विचारलं. दाणे कसे होते? ते म्हणाले, सालासकट.

ऐकलंत ना? सालासकट! आता जोहे गावच्या बायांनो, माझ्याकडे बघा. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक सोलायचा, तेव्हा बिरडं होतं. सालासकट बिरडं कुणाच्या घरी होतं गो? तुझ्या? तुझ्या? मग सालासकट वाल आपण कधी खातो?

पोपटीला. शेंगा मडक्यात भाजून.

आणि आदल्या संध्याकाळी शेतावर पोपटी कुणी लावली होती? तुम्ही. सुलभा म्हणत होती, ‘नको, उद्या ऑपरेशन हाय.’ तुम्ही हसलात. ‘बायको जेवू पण देत नाय बिचाऱ्याला!’ गणूकाका, मान वर करा. तुम्ही त्याचा हात धरलात. ‘माझ्या हातची एक मूठ खा, नायतर मी रागावलो.’ त्याला भूक नव्हती. तुमचा मान राखायला त्यानं ते न चावता गिळलं.

आता उलटं पसरवू नका की गणूकाकांनी मारलं. संध्याकाळी जेवायला डॉक्टरांची परवानगी होती. त्यानंतर त्यानं पाण्याचा थेंब घेतला नाही. तुमचं-माझं पोट दुसऱ्या दुपारपर्यंत रिकामं झालं असतं. त्याचं झालं नाही.

का? सांगते. अन्न आतड्यात उतरलं की आतडं एक रस रक्तात सोडतं. संप्रेरक म्हणतात त्याला. तो मेंदूला सांगतो, पुरे झालं. आणि जठराला सांगतो, हळू, पुढचं सावकाश पाठव. पाहुणे जास्त झाले की आपण आतून सांगतो ना, पुढची पंगत जरा थांबवा, तसं. जेवण जिरलं की हा निरोप थांबतो, पुन्हा भूक लागते. पण तोच निरोप सुईतून देता येतो, आणि तो आठवडाभर थांबत नाही. वजन उतरवायला देतात. मग भूक मरते, अन्न पोटात रेंगाळतं.

वसंता ते इंजेक्शन घेत होता. चोरून. पेणहून कुणाकडून तरी आणायचा. मला ते मूर्तींचे डोळे आखायच्या ब्रशांच्या डब्यात सापडलं, कारण त्या डब्याला दुसरा कुणी हात लावत नसे. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, बहुतेक हेच झालं. आधी सांगितलं असतं तर आम्ही सांभाळून घेतलं असतं. म्हणजे औषध वाईट नव्हतं. लपवलं ते वाईट.

ऑपरेशनच्या आधी त्याला विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत? सुलभा शेजारीच उभी होती. तो म्हणाला, नाय.

भित्रा होता माझा भाऊ. मेलेल्याबद्दल गोड बोलावं म्हणतात. नाही बोलणार. भित्रा आणि खोटारडा. बायकोला सांगायचा, पेणपर्यंत चालतो म्हणून वजन उतरलं. मला फोनवर म्हणायचा, ‘ताय, भूकच लागत नाय गो, किती बरं वाटतं!’ मी म्हटलं, तपासून घे. हसला.

पण त्याला भित्रा केलं कुणी? ‘वसंता, सोंड लाव, तुलाच विकू’ हे कोण म्हणायचं? पंगतीत त्याच्या ताटात वाढताना ‘आणा रे, अख्खा टोप आणा’ हे कोण ओरडायचं? तो हसायचा. चाळीस वर्षं हसला. मग बारीक झाला आणि तुम्ही पहिल्यांदा त्याला ‘वसंतशेठ’ म्हणालात. ते शेठपण सुईतून येतं हे तो तुम्हाला कशाला सांगेल? जीव गेला तरी नाही सांगितलं त्यानं.

आणि त्याचं खापर हिच्या डोक्यावर. जी एकटी ‘नको’ म्हणाली तिच्या!

सुलभा, तू जायचं की राहायचं ते तू ठरव. पण जाशील तर मान ताठ ठेवून जा. ही माणसं वाट सोडतील. काय गणूकाका, सोडाल ना?

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. मनात देवाचं नाव घेतलं नाही तरी चालेल. पोपटीच्या शेतावर आपण काय बोललो आणि स्मशानातून येताना काय बोललो, तेवढं आठवा.

उठा सगळे.

तू नको गो सुलभा. तू बस. आम्ही तुझ्यासमोर उभे राहतो.